टक्केकाकांचे शंभर टक्के

टक्केकाकांबद्दल आमच्या ऑफिसात आता कोणी बोलत नाही, आणि बोललंच तर हळू आवाजात बोलतं. मला हळू बोलता येत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं हे माझं काम, आणि इतकी वर्षं चुका काढून काढून माझी जीभही तशीच झाली आहे. तेव्हा मीच सांगते.

आम्ही लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम लिहितो. लिफ्टने आधी कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, माणसं जास्त झाली की कुरकुर कधी करायची, हे सगळं. एवढी माणसं एकाच प्रोग्रॅमवर काम करतात, म्हणजे एकाचं लिहिलेलं दुसऱ्याने पुसू नये म्हणून काहीतरी सोय हवी. त्या सोयीला आम्ही रेपो म्हणतो. आपल्या मशीनवर बदल करायचा, काय केलं आणि कशासाठी ते दोन ओळींत लिहायचं, आणि बदल रेपोत जमा करायचा. हे झालं कमिट. रेपो काही विसरत नाही. कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारा, ही कोणी लिहिली? तो नाव सांगतो, आणि त्या माणसाने तेव्हा खरडलेल्या दोन ओळीही दाखवतो. आमचा रेपो जुन्या पद्धतीचा होता. आमच्या मशीनवर फक्त आजची प्रत. मागचा सगळा इतिहास तळमजल्यावरच्या एकाच सर्व्हरमध्ये, बॅकअपही त्याच्याच दुसऱ्या डिस्कवर, आणि ऑफिसाबाहेरून तो उघडत नसे.

हा रेपो काका सांभाळायचे. ते यायच्या आधी कमिट करायचं म्हणजे देवाचं नाव घेऊन बटण दाबायचं आणि बसायचं. पडद्यावर एक दांडी लुकलुकत राहायची. काम चाललंय की मेलंय, कळायला मार्ग नाही. मग कोणीतरी वैतागून मध्येच तोडायचं. अर्धवट तोडलं की रेपोला कुलूप लागायचं, सगळ्यांची कामं ठप्प, आणि मग दिवसभर एकमेकांच्या नावाने खडे फोडणं.

काकांनी त्या दांडीच्या जागी शब्द आणले. ‘फायली मोजतोय.’ ‘पाठवतोय, इतक्यांपैकी इतक्या गेल्या.’ ‘सर्व्हर तपासतोय, आता तोडू नका.’ साधं वाटतं, पण त्यामागे त्यांचे नियम होते आणि ते नियम त्यांनी आमच्या डोक्यावर इतके थापले की मला झोपेतही म्हणता येतील. चटकन होणाऱ्या कामाला काही दाखवायचं नाही, उगाच डोळ्यांपुढे नाच नको. एकूण किती आहे ते कळलं नसेल तर टक्के लावायचे नाहीत, नुसता आकडा सांगायचा. पुढे गेलेला आकडा मागे येता कामा नये. आणि एका टप्प्याचे शंभर झाले तरी दुसरा टप्पा बाकी असेल तर तसं ठळक लिहायचं, नाहीतर माणूस शंभर बघतो, मशीन बंद करतो आणि घरी जातो.

“थांबलेल्या माणसाला थापा मारू नयेत,” ते म्हणायचे. “त्याच्या हातात दुसरं काहीच नसतं.”

यावरून त्यांना टक्केकाका हे नाव पडलं. जेवताना मुलं विचारायची, “काका, डबा किती टक्के झाला?” काका डब्यात वाकून बघायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, “सत्तर.” ते गंमत करतात की खरंच मोजतात, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. एकदा आमचे साहेब म्हणाले, सुरुवातीला टक्क्यांचा काटा जोरात पळवा, लोक खूश होतात. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मग भिंतीवर घड्याळ आहेच की. माझी कशाला गरज?” साहेबांना हसावं की रागवावं कळेना, म्हणून ते फोन आल्यासारखं करून बाहेर गेले.

साहेबांचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मनाने वाईट माणूस नाही. पण हलत नसलेली गोष्ट त्यांना बघवत नाही. लिफ्ट यायला वेळ लागला की बटण चार वेळा दाबणार. लिफ्टच्या कंपनीतला माणूस, त्याला माहीत आहे की एकदा दाबलं काय आणि चारदा दाबलं काय. तरी दाबणार. काही अडकलंय असं वाटलं की तोडून नव्याने सुरू करायचं, हा त्यांचा एकमेव उपाय. त्यांच्या हाताखाली निम्मी कामं दोनदा होतात.

काकांचा मुलगा आमच्याच ऑफिसात लागला. वशिल्याने नाही, मुलाखत मी घेतली होती आणि मी कोणाला सोडत नाही. त्याच्याकडे लिफ्टच्या दाराचं काम आलं. बापाची शिस्त त्याच्यात नावालाही नव्हती, पण हात भारी होता. त्याच्या कमिटच्या ओळी आम्ही एकमेकांना वाचून दाखवायचो. “दार आता माणसाला चावत नाही. आधी विचारतं, मग बंद होतं.” एकदा लिहिलं होतं, “बाबांनी सांगितलं तसं केलं, चाललं नाही. माझ्या मनाने केलं, चाललं. बाबा हे वाचणार आहेत.” काकांनी ते वाचलं आणि उठून माझ्या टेबलाशी आले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “बघा हो बाई, कार्टं काय लिहितंय.”

तिसऱ्या वर्षी तो बाइकवरून घरी जाताना गेला. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

काका थोड्या दिवसांनी कामावर आले. खाली मान घालून काम करायचे. फक्त दुपारी एकदा दाराच्या फायली उघडायचे, एका ओळीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, ही कोणी लिहिली? मुलाचं नाव यायचं, त्याच्या पुढे काकांचं, मग आडनाव. खाली त्याच्या दोन ओळी. रोज एकच. पुरवून पुरवून वाचायचे. ऑफिसातलं काही लिहून किंवा फोटो काढून बाहेर न्यायचं नाही असा नियम होता, आणि हे नियमाचे पक्के. आम्ही दहा वेळा म्हटलं असेल, काका, कोण बघतंय? ते नुसती मान हलवायचे. त्या दोन ओळी पाठ करायचे आणि घरी जाऊन काकूंना सांगायचे. काकू घरी शिवणकाम करतात. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नाही. पण रोज संध्याकाळी मशीन थांबवून विचारायच्या, “आज काय लिहिलं होतं त्याने?” जसा काही तो रोज जाऊन लिहितोय.

मग रेपो हलवायचा ठरलं. जुना सर्व्हर भाड्याचा होता, तो परत द्यायचा आणि सगळं नव्या यंत्रणेत न्यायचं. ही नवी यंत्रणा ऑफिसच्या लॅपटॉपवरून घरूनही उघडता येणार होती, तशी परवानगीही मिळाली. काकांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं, आता मी सांगायची गरज नाही, तू स्वतः बघ.

बैठकीत साहेब म्हणाले, “इतिहास कशाला न्यायचा? आजची प्रत न्या, अर्ध्या तासात मोकळे. जुनी मढी कशाला उकरत बसायची?”

बोलून गेले. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांच्या लक्षातही आलं नाही. काका टेबलाकडे बघत म्हणाले, “साहेब, इतिहासही नेऊ. मी सुट्टीच्या दिवशी येऊन करतो.” साहेब कबूल झाले, पण अटीवर. संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे, कारण सर्व्हर पुसून परत द्यायचा आहे. आणि मध्ये अडकलं तर ते थांबवणार, मग आजची प्रत आहे ती आहे.

सुट्टीच्या दिवशी वर आम्ही तिघेच, आणि तळमजल्यावर सर्व्हर पुसून परत न्यायला आलेला एक माणूस. काका हलवणारे, मी नंतर तपासणारी, साहेब साहेब म्हणून. आधी काकांनी आजची प्रत स्वतःच्या नावाने नव्या यंत्रणेत टाकली, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणाचं काम अडायला नको. मग मागचा इतिहास, सगळ्यात जुन्यापासून, एकेक कमिट करून निघाला. सगळा पोचला की शेवटी तो आजच्या प्रतीला जोडायचा, म्हणजे ज्याच्या ओळी त्याच्या नावावर जातील. काकांनी त्यासाठी खास काटा लिहिला होता. एकूण कमिट किती, गेले किती, टक्के किती. सकाळी तो छान पळाला. मग तिशीत येऊन उभा राहिला.

“अडकलं,” साहेब म्हणाले.

“नाही साहेब. इथे कोणीतरी लिफ्ट बसवतानाचे व्हिडिओ टाकलेत. कमिट एकच आहे, पण वजन हत्तीचं. जाईल.”

“मला हलताना दिसत नाही.” साहेबांचा हात कीबोर्डकडे गेलासुद्धा. तेवढ्यात काटा एका टक्क्याने सरकला. हात मागे आला. “हे बघा काका, मी जेवून येतो. आल्यावर पुन्हा असं उभं दिसलं तर मी ऐकणार नाही.”

साहेब गेल्यावर काकांनी पुढचा इतिहास चाळून बघितला. असे हत्ती अजून पाच-सहा होते. ते खुर्चीत मागे टेकून बसले. मग एकदम पुढे सरकले आणि टाइप करायला लागले. मी मागून बघत होते. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम होता, त्यात कमिटचा संबंधच नव्हता. घड्याळ बघायचं आणि ठरावीक वेळाने एक टक्का पुढे जायचं, बस.

“काका, हे काय करताय?”

“साहेबांसाठी आहे.”

“आणि खरं?”

“खरं पडद्यावरच मागच्या खिडकीत चालू आहे. मी बघत राहीन ना.” माझ्याकडे न बघताच बोलले.

मी माणसांच्या चुका तोंडावर काढते, पण त्या क्षणी मला काही बोलवलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर सकाळीच केलं असतं. राग आला तो साहेबांचा. सरळ माणसाला वाकडं करायला फार काही लागत नाही, शेजारी एक घायकुता माणूस बसवला की झालं.

साहेब आले, काटा हलताना बघितला आणि खूश झाले. इतके खूश की खुर्ची ओढून काकांच्या शेजारीच बसले. आम्हाला वाटलं, पाच मिनिटांत उठतील. उठलेच नाहीत. स्वतःच्या लहानपणापासूनच्या गोष्टी सांगत बसले. पडद्यावर तो काटा, पुढे साहेबांची नजर. मागची खिडकी उघडली की खरा आकडा दिसणार आणि बिंग फुटणार. काका माउसवर हात ठेवून बसले होते. दोनदा तो हात सरकला आणि दोनदा साहेबांनी पडद्याकडे बघितलं.

सुरुवातीला काकांच्या कपाळाला घाम होता. मग, मी खरं सांगते, तो कमी झाला. काटा साठ झाला, सत्तर झाला, एकसारखा, न अडखळता. तेही त्याच्याकडे बघायला लागले. काकूंचा फोन आला.

“येतंय,” काका म्हणाले. “ऐंशी झालं. हो हो, त्याचं सगळं. ऐंशी म्हणजे त्याची वर्षं आलीच असणार.” त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की मीसुद्धा काही क्षण विसरले की ते काय वाचून दाखवतायत.

शंभर झाले. साहेबांनी टाळी वाजवली. काकूंचा पुन्हा फोन, काका म्हणाले, “झालं.” साहेबांनी त्याच वेळी आपल्या फोनवरून तळमजल्यावरच्या माणसाला सांगितलं, “चला, पुसायला घ्या.”

“साहेब, एकदा तपासून घेऊ,” काका उठले. “बाई तपासतील, मग पुसू.”

“काका, तुमचा आकडा आहे. तो खोटं बोलतो का कधी?”

काका पुन्हा पडद्यापुढे वाकले. मग त्यांनी मागची खिडकी उघडली. खरा आकडा चाळीसच्या आसपास उभा होता. त्याच्या खाली एक ओळ होती. ‘ही फाइल फार मोठी आहे. पुढे जाऊ का? हो किंवा नाही.’ दुपारभर ती विचारत बसली होती. कोणीतरी एक बटण दाबायचं होतं.

काका जिन्याने धावले. या वयाच्या माणसाला इतकं धावताना मी पाहिलं नव्हतं. मी मागून पोचले तेव्हा तळमजल्यावरचा माणूस म्हणत होता, “सुरू केलं की थांबत नाही हो हे.” त्याच्या पडद्यावर दोन्ही डिस्कपुढे एकेक काटा होता, दोन-दोन टक्क्यांवर. त्याने वायर उपटली तरी त्या दोन टक्क्यांत काय कुठे ठेवलंय याचा सगळा ठावठिकाणा गेला होता. नंतर दोन जाणकारांनी डोकं लावलं, काही हाती लागलं नाही. मुलगा कामाला लागायच्या आधीचा इतिहास तेवढा वाचला. तोही कशाला जोडलेला नाही, नुसता पडून आहे.

साहेब वर आमची वाट बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आजची प्रत आली आहे ना? मग काम काही अडत नाही.” आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कोणाचं काहीही अडलं नाही. मला त्याची इतकी चीड आली.

काका मला म्हणाले, “बाई, तुम्ही माझ्याबरोबर घरी चला. मला एकट्याला नाही जमायचं.”

गेलो. काकूंनी शिवणाचं टेबल मोकळं करून पुसून ठेवलं होतं. दोन खुर्च्या शेजारी मांडलेल्या. मला बघून त्यांनी आतून तिसरी आणली. “बरं झालं तुम्ही आलात. तुम्हीही ओळखायचात त्याला.” चष्मा लावून बसल्या. “अहो, उघडा आधी. चहा नंतर.”

काकांनी आधी सांगायला हवं होतं. वाटेत मला तसं म्हणालेही होते. पण त्यांनी मुकाट्याने लॅपटॉप उघडला, दाराची फाइल काढली आणि प्रत्येक ओळीपुढे नाव दाखवायची सोय चालू केली. काकू पुढे वाकून वाचायला लागल्या.

“हे तुमचं नाव आहे.”

“हो.”

“खाली घ्या.” काकांनी खाली घेतलं. “हेही तुमचंच. इथेही.” त्या थांबल्या. “त्याच्या नावापुढे तुमचं लागायचं, ते तेवढंच आलंय का? मग त्याचं कुठे गेलं?”

तेव्हा काकांनी सांगितलं. घड्याळावर चालणाऱ्या काट्यापासून सगळं, काहीही न झाकता. काकूंनी एकदाही मध्ये तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “मी फोन केला तेव्हा ऐंशी म्हणालात.”

“तेव्हा ते कधीचं थांबलेलं होतं.”

“मग मला खोटं का सांगितलंत?”

“मला खरं वाटलं गं,” काका म्हणाले. “मीच लिहिलं होतं ते, तरी मला खरं वाटलं.” आणि ते रडायला लागले. माझंही तेच झालं. काकू रडल्या नाहीत. त्यांनी काकांना पाणी दिलं, ते पिईपर्यंत थांबल्या आणि मग लॅपटॉप त्यांच्यासमोर सरळ केला.

“दाराचं काम त्याचं होतं ना? तुम्ही रोज वाचत होतात. यातल्या त्याच्या ओळी कुठल्या, तेवढं मला दाखवा.”

काकांनी डोळे पुसले आणि पडद्यावर बोट ठेवलं. “ही त्याची.” थोडं खाली. “ही त्याची. ही माझी. ही पण त्याची, इथे तो माझ्याशी भांडला होता.” बोट आणखी खाली गेलं आणि थांबलं.

“ही?” काकूंनी विचारलं.

काका वाचत राहिले. पुन्हा वाचली. चष्मा काढून वाचली.

“ही कोणाची ते मला आता सांगता येत नाही.”

काकूंनी त्यांचा हात धरला, बोट उचललं आणि पुढच्या ओळीवर ठेवलं. “मग ही बघा.”